नेतृत्व ऐकत नव्हते, मोरे लिहीत राहिले

मागच्या महिन्यात एका रविवारी आमच्या कार्यालयात सात-आठ कामगार आले. सगळे महाड-पोलादपूर भागातले, दोघे-तिघे आमच्याच समाजातले, बाकीचे कुणबी आणि कोळी. सगळे एकाच कारखान्यात कामाला. थोरला मालक गेला, मुलाने कारभार हाती घेतला आणि चार वर्षांत कंपनीची रया गेली. कच्चा माल उधारीवर, निम्मी यंत्रे बंद, दर सहा महिन्यांनी नवा व्यवस्थापक, पगार तीन महिने थकलेला. भविष्य निर्वाह निधीचे पैसे पगारातून कापले जातात पण खात्यावर जमा होत नाहीत. युनियनचा पुढारी मालकाच्या गाडीतून फिरतो. त्यांनी आम्हाला विचारले, वकीलसाहेब, सोडून जावे की टिकून राहावे?

कायद्याचे उत्तर आम्ही दिले. कामगाराच्या पगारातून निधीची रक्कम कापून ती न भरणे हा कायद्याने विश्वासघाताचा गुन्हा आहे, तेव्हा पगाराच्या पावत्या जपून ठेवा, निधीच्या खात्याचा उतारा काढा, लेखी तक्रार करा, तोंडी काही बोलू नका. पण त्यांचा खरा प्रश्न कायद्याचा नव्हता हे आम्हाला कळत होते. वरचे लोक नालायक आहेत, घर मात्र त्याच कामावर चालते, आणि हा डोलारा आपल्या घामावर उभा राहिला असे ज्याला वाटते त्याने काय करावे, हा तो प्रश्न होता. ते गेल्यावर आम्हाला याच मातीतल्या एका माणसाची आठवण झाली. आर. बी. मोरे यांचे नाव २० मार्चला महाडच्या व्यासपीठावरून घेतले जाते, आणि त्यानंतर वर्षभर फारसे कोणी घेत नाही.

रामचंद्र बाबाजी मोरे यांचा जन्म १ मार्च १९०३ चा, महाडजवळच्या लाडवली गावचा. तेव्हा या जिल्ह्याला कुलाबा म्हणत, रायगड हे नाव १९८१ साली आले. बालपणाचा मोठा भाग सावित्रीच्या खाडीवरच्या दासगाव बंदरात गेला. दासगाव त्या काळी साधे खेडे नव्हते. इंग्रजांच्या फौजेतून निवृत्त झालेल्या महार शिपायांची तिथे वस्ती होती, त्यांच्या घरात अक्षर आले होते, आणि जवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर यांनी एकोणिसाव्या शतकातच शास्त्रांना जाब विचारला होता. महारांची लष्करभरती सरकारने बंद केली तेव्हा दाद मागण्यासाठी अर्जाचा मसुदा गोपाळबाबांनीच तयार केला होता. अन्याय झाला की तो तारीखवार लिहून वरच्या अधिकाऱ्यापुढे ठेवायचा, ही या भागातल्या आमच्या माणसांची जुनी रीत. मोरे याच रीतीत वाढले.

ती रीत त्यांनी वयाच्या अकराव्या वर्षी वापरली. प्राथमिक शाळेत हुशार, शिष्यवृत्ती मिळवलेला हा मुलगा १९१४ साली महाडच्या इंग्रजी शाळेत गेला, तेव्हा त्याला प्रवेश नाकारला गेला. कारण जात. पोराने रडत घरी परतावे अशी व्यवस्थेची अपेक्षा असते. या पोराने कागद घेतला आणि तक्रार लिहिली. बोभाटा झाला, शाळेला नमते घ्यावे लागले, प्रवेश मिळाला. बसायची जागा मात्र इतर मुलांपासून वेगळी. म्हणजे तक्रारीने दार उघडले, पण दाराच्या आतली माणसे बदलली नाहीत. हा अनुभव मोरेंना पुढे आयुष्यभर पुन्हा पुन्हा आला.

वडील लवकर गेले, शिक्षण तुटले, मुंबई-पुण्यात मिळेल ते काम करून पोट भरणे आले. पण मन महाडात होते. महाड ही आजूबाजूच्या खेड्यांची बाजारपेठ. लाकूडफाटा, गवताचे भारे घेऊन आमची माणसे डोंगरातून उतरत, दिवसभर बाजारात उभी राहत, आणि भर उन्हात घोटभर पाणी मिळत नसे. मोरेंच्या खटपटीने तिथे अस्पृश्यांना चहा-पाणी मिळेल असे दुकान सुरू झाले. ते दुकान नुसते तहान भागवायचे ठिकाण राहिले नाही, गावोगावची माणसे तिथे टेकू लागली आणि बोलू लागली. चळवळ कुठून सुरू होते असे कोणी विचारले तर आम्ही तरी त्या चहाच्या दुकानाकडे बोट दाखवू.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मंजूर झाला. १९२४ च्या जानेवारीत महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले, प्रत्यक्षात एकही अस्पृश्य काठावर गेला नाही. मोरेंनी हे हेरले. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेल्या बाबासाहेबांना ते भेटले आणि कुलाबा जिल्ह्यात परिषद घ्या, अध्यक्ष व्हा, असा आग्रह धरला. वय जेमतेम एकवीस.

बाबासाहेबांनी लगेच होकार दिला नाही. परिषद व्हायला १९२७ उजाडले. आजचा एखादा उतावळा कार्यकर्ता तीन वर्षांत तीन पक्ष बदलून मोकळा झाला असता. मोरे मात्र गावे पिंजत राहिले. अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस यांच्यासारखी माणसे जोडली गेली. परिषदेसाठी गावोगाव तांदूळ आणि पैसे गोळा झाले. १९ आणि २० मार्च १९२७ ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि २० मार्चला बाबासाहेबांच्या ओंजळीत चवदार तळ्याचे पाणी आले. पुढचा हल्ला, वीरेश्वराच्या देवळात शिरणार ही उठवलेली अफवा, फुटलेली डोकी, हे सगळे वाचकांना ठाऊक आहे.

आम्हाला इथे डिसेंबर १९२७ कडे लक्ष वेधायचे आहे, कारण चांगले नेतृत्व कसे असते ते मोरेंनी तेव्हा डोळ्यांनी पाहिले. मोटारवाल्यांनी गाड्या नाकारल्या म्हणून बाबासाहेब आणि कार्यकर्ते २४ डिसेंबरला मुंबईहून पद्मावती बोटीने निघाले. हरिहरेश्वरला थांबून दुसऱ्या दिवशी दासगाव बंदरात उतरले आणि तिथून महाडपर्यंत पायी आले. २५ तारखेला मनुस्मृतीचे दहन झाले. ते सर्वांच्या लक्षात राहते, दुसरी गोष्ट राहत नाही. सनातन्यांनी १२ डिसेंबरला महाडच्या कोर्टात दावा लावून तळ्यावर जाण्यास तात्पुरता मनाई हुकूम मिळवला होता. हजारो माणसे तुरुंगाची तयारी करून आली होती. त्यांना मागे वळवणे हे कोणत्याही पुढाऱ्याला अवघड जाते. बाबासाहेबांनी लोकांपुढे उभे राहून कोर्टाची बाजू, सरकारची बाजू, आपल्या फायद्या-तोट्याचा हिशेब उघडपणे मांडला, लोकांचे म्हणणे ऐकले आणि मगच सत्याग्रह तहकूब करायला त्यांना राजी केले. तो दावा दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टात आपण जिंकलो. वकील म्हणून आम्हाला त्या दाव्याचे कौतुक आहेच, पण त्याहून मोठे कौतुक त्या मंडपातल्या चर्चेचे वाटते. ज्या कार्यकर्त्याला निर्णयाचे कारण सांगितले जाते तो माघारीतही सोबत राहतो.

असे नेतृत्व पाहिलेला हा तरुण १९३० साली कम्युनिस्ट पक्षात गेला. त्याच साली त्यांनी आव्हान हे साप्ताहिक काढले.

का गेले? आमच्या चळवळीत या प्रश्नावर बरीच कुजबुज झाली आहे आणि ती सगळीच निष्पाप नव्हती. उत्तर शोधायला त्या काळच्या गिरण्यांत डोकावले पाहिजे. कोकणातल्या घराघरातून माणूस मुंबईच्या गिरणीत होता. ही गिरणी म्हणजे एक कंपनी, आणि ती चालवणारे मॅनेजिंग एजंट. महायुद्धाच्या सुमारास गिरण्यांनी भरमसाट नफा कमावला. तो भागधारकांना वाटला गेला, यंत्रांत घातला गेला नाही. १९२३ पासून मंदी आली, जपानी कापड आले, आणि मालकांना एकच उपाय सुचला, तो म्हणजे मजुरी. १९२५ साली साडेअकरा टक्के पगारकपात झाली, कामगारांनी अडीच महिने संप करून ती परतवली. मग साच्यांची वाढ आली. दोन साचे चालवणाऱ्याने तीन चालवावे, माणसे कमी करावी. कारभार बिघडवला वरच्यांनी आणि त्याची किंमत मोजली खालच्यांनी. १९२८ चा सहा महिन्यांचा संप यातूनच उभा राहिला आणि लाल बावट्याच्या गिरणी कामगार युनियनमागे हजारो कामगार गेले. आमच्याकडे आलेल्या त्या सात-आठ जणांनी हे वाचले असते तर त्यांना आपल्याच मालकाचे वर्णन वाटले असते.

पण त्याच गिरणीत आणखी एक गिरणी होती. साळखात्यात, जिथे मजुरी जास्त, तिथे अस्पृश्याला प्रवेश नव्हता. धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि महाराचे तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. पिण्याच्या पाण्याचे पिंपही वेगळे. दिवसभर शेजारी उभे राहून मालकाच्या नावाने बोटे मोडणारा कामगार बंधू तहान लागली की जात आठवायचा. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी युनियनच्या पुढाऱ्यांना ठणकावले की साळखाते अस्पृश्यांना खुले करण्याची मागणी घ्या, नाहीतर आमचे लोक संपात उतरणार नाहीत. पुढाऱ्यांनी ती मागणी घेतली, पण नाखुषीने. मालकांनी तिचा बरोबर फायदा उठवला. हा अन्याय असेल तर तो आमचा नाही, तुमच्यातलाच आहे, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. १९२९ च्या संपाला बाबासाहेबांनी विरोध केला.

मोरेंनी हे सगळे उघड्या डोळ्यांनी पाहिले आणि तरीही ते लाल बावट्याखाली गेले. त्यांना दिसत होते की आपला माणूस गिरणीत कामगार म्हणून लुटला जातो आणि महार म्हणूनही लुटला जातो, आणि लुटणाऱ्या पहिल्या हाताशी लढायला संघटित कामगार लागतो. दुसऱ्या हाताशी लढायचे तर तो कामगार आतून बदलायला हवा. बाहेर उभे राहून शिव्या देण्यापेक्षा आत शिरून हे काम करावे, असा त्यांचा हिशेब होता. तो पुरता बरोबर होता असे आम्ही म्हणणार नाही. पण तो स्वार्थाचा नव्हता. पक्षकार्यात त्यांनी कुटुंबाची ओढाताणच पाहिली.

बाबासाहेबांशी नाते मात्र त्यांनी तोडले नाही. एका पक्षात राहून दुसऱ्या नेत्याला आपला मानणे फार अवघड असते, दोन्हीकडचे संशयाने पाहतात. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांपुढे बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू म्हणून मांडले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक तंटा विधेयकाविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र आले आणि मुंबईत एक दिवसाचा संप झाला. निळ्या आणि लाल रंगाच्या मधला दुवा व्हायचे मोरेंनी जे ठरवले होते, ते त्या दिवशी तरी प्रत्यक्षात दिसले.

ते टिकले नाही. जातीचा प्रश्न काढला की कामगारांत फूट पडते, क्रांती झाली की जात आपोआप जाईल, हे पक्षातल्या वरच्यांचे पालुपद कायम राहिले. वरचे बहुतेक जण उच्च जातींतले. जात जायची घाई ज्याला नाही त्याला वाट पाहणे सोपे जाते. आणि मग १९५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक आली. मुंबईच्या राखीव जागेवर बाबासाहेब उभे, त्याच दुहेरी मतदारसंघात कम्युनिस्टांचे डांगे उभे. काँग्रेसचे काजरोळकर निवडून आले, सत्तर हजारांहून अधिक मते बाद झाली. राखीव जागेचे मत कुजवा असा प्रचार कम्युनिस्टांनी केल्याचा आरोप झाला. बाबासाहेबांनी आणि अशोक मेहतांनी निवडणूक अर्ज दाखल केला, तो फेटाळला गेला. कोर्टात आरोप सिद्ध झाला नाही हे आम्ही वकील म्हणून मान्य करतो. आंबेडकरी जनतेच्या मनात त्याचा निकाल केव्हाच लागला होता.

वाचकहो, त्या दिवसांतले मोरे कसे असतील याचा विचार करा. ज्या माणसाला त्यांनी महाडला आणले, त्याला पाडल्याचा ठपका त्यांच्याच पक्षावर. वस्तीत परतल्यावर लोक काय बोलले असतील? अशा वेळी बहुतेक जण दोनपैकी एक करतात. राजीनामा फेकून मोकळे होतात, किंवा तोंड मिटून पद सांभाळतात.

मोरेंनी कागद घेतला. डिसेंबर १९५३ मध्ये, पक्षाचे अखिल भारतीय अधिवेशन मदुराईला भरण्याच्या सुमारास, त्यांनी अस्पृश्यतेच्या आणि जातीच्या प्रश्नावर एक टिपण पक्षाच्या वरिष्ठांपुढे ठेवले. अस्पृश्यांत पक्षाने खास काम केले पाहिजे, अस्पृश्यतेविरुद्धचा लढा उद्यावर ढकलता येणार नाही, हा त्याचा गाभा. १९५७ साली पुन्हा लिहिले. १९६४ मध्ये पक्ष फुटला, मोरे मार्क्सवादी पक्षात गेले, आणि त्या नव्या नेतृत्वालाही त्यांनी तेच लिहून दिले. अकरा वर्षांत तीन वेळा, तेही आपल्याच माणसांना.

काय झाले त्या टिपणांचे? त्यांच्या हयातीत पक्षाची दिशा त्यांनी बदलली असे म्हणायला आधार नाही. कागद घेतले गेले, वाचले गेले असतील, कपाटात गेले. ही हार आहे की नाही यावर आमचे स्वतःचे मत दोन दिवस एक असते आणि तिसऱ्या दिवशी बदलते. कधी वाटते, एवढा माणूस फेडरेशनमध्ये असता तर कोकणातली आपली संघटना किती भक्कम झाली असती. कधी वाटते, त्यांनी लिहिले नसते तर आम्हाला सांगितलेच नव्हते असे म्हणायला तो पक्ष आज मोकळा असता. दावा हरला तरी कैफियत दप्तरात राहते, आणि पुढचा वकील तिथून सुरू करतो, हे आम्ही कोर्टात रोज पाहतो.

लाल पुढाऱ्यांवर बोट ठेवून इथे थांबणे सोयीचे झाले असते. पण मग आमचे काय? ३ ऑक्टोबर १९५७ ला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि दोन वर्षे होतात न होतात तोच फुटला. दादासाहेब गायकवाड भूमिहीनांचा लढा उभारत होते तर त्यांच्यावर कम्युनिस्टधार्जिणेपणाचा शिक्का मारणारे आपल्यातलेच शिकलेले होते. दादासाहेबांच्या हाकेवर ६ डिसेंबर १९६४ पासून जमिनीसाठी लाखांवर माणसे तुरुंगात गेली, त्या लढ्यात डावेही उतरले. एवढी ताकद असूनही पुढाऱ्यांनी गट पाडले, गटांचे गट पाडले. त्या प्रत्येक फुटीच्या वेळी आपल्या किती कार्यकर्त्यांनी आपल्याच नेत्याला कारणे देऊन, तारीख घालून, सही करून लिहिले? आम्ही नाही लिहिले. १९९० च्या दशकात तरुण कार्यकर्ता असताना आम्हीही एका गटातून दुसऱ्या गटात गेलो. जाताना टपरीवर नेत्याला भरपूर शिव्या दिल्या, कागदावर एक ओळ लिहिली नाही. म्हणून आज त्या नेत्याकडे आमच्या तक्रारीचा पुरावा नाही आणि आमच्याकडेही नाही.

मोरेंनी १९६५ साली जीवनमार्ग हे मार्क्सवादी पक्षाचे मराठी साप्ताहिक सुरू केले. सुरुवातीचा दिवस निवडला १४ एप्रिल. जयंतीच्या दिवशी पक्षाचे पत्र निघाले, त्यातून ज्याला जे समजायचे ते समजले असेल. मुंबईच्या कामगार वस्त्यांत, माटुंग्याच्या लेबर कॅम्पात त्यांना मानणारी माणसे शेवटपर्यंत होती. ११ मे १९७२ रोजी ते गेले.

आत्मचरित्र त्यांनी लिहायला घेतले होते, ते अपुरे राहिले. त्यात कोकणातले बालपण आहे, महाडच्या लढ्याची घडण आहे. पुढचे चरित्र मुलाने, सत्येंद्र मोरे यांनी लिहिले. २०२० साली हे सारे इंग्रजीतही आले आणि जगभरच्या विद्यापीठांतले लोक आता दासगावचे नाव घेतात. पण पक्षात नेतृत्वाशी झगडत काढलेल्या वर्षांची हकीकत स्वतः मोरेंच्या हातची नाही. त्या वर्षांबद्दल त्यांच्या हातचे आहे ते म्हणजे ती टिपणे.

गेल्या रविवारी त्या कामगारांपैकी दोघे पुन्हा आले. तिघांनी नोकरी सोडल्याचे त्यांनी सांगितले. या दोघांनी पगाराच्या पावत्या आणि एक वही आणली होती. वहीत कोणत्या तारखेला कोणत्या साहेबाला काय सांगितले ते पेन्सिलीने लिहिले होते. आम्ही पेन दिले आणि मालकाला पाठवायच्या पत्राचा मसुदा करायला बसलो. पत्राची एक प्रत युनियनच्या पुढाऱ्यालाही द्यायची, असा आग्रह त्यातल्या धाकट्याने धरला.